शाखेपर्यंत आवाज पोहोचवताना: कार्यालयीन फोनसाठी नेटवर्कमध्ये प्राधान्य लावण्याचा अनुभव

आमच्या सहकारी पतसंस्थेच्या कोल्हापुरातील मुख्य कार्यालयात आणि शाखांमध्ये आयपी फोन बसवल्यानंतर काही महिन्यांतच शाखांकडून तक्रारी येऊ लागल्या. त्या सगळ्या तक्रारींत एक गोष्ट समान होती. शाखेतून बोलणाऱ्याचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू येई, पण आमचा आवाज शाखेत तुटक पोहोचत असे. "साहेब, तुमचं बोलणं मधनंच गायब होतंय बघा," असे गडहिंग्लजचे शाखाधिकारी सांगत आणि त्यांचे ते वाक्य मला अक्षरन् अक्षर ऐकू येत असे. ग्राहकांचे बाहेरून येणारे फोन दूरसंचार कंपनीच्या स्वतंत्र फायबरवरून थेट आमच्या एक्स्चेंजमध्ये येत. त्यांच्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. त्यामुळे फोनसंच किंवा एक्स्चेंजचा सर्व्हर यांवर संशय घेण्याला फारसे कारण नव्हते. अडचण होती ती मुख्य कार्यालयातून इंटरनेटमार्गे शाखांकडे जाणाऱ्या वाटेत, फक्त बाहेर जाणाऱ्या दिशेने, आणि तीही बहुतेक वेळा दुपारी चारनंतर, दिवसाचे व्यवहार बंद करण्याच्या सुमारास.

तक्रारीच्या या एकतर्फीपणाकडे मी पुढेही अनेकदा परतलो, कारण उपकरणांच्या अहवालांपेक्षा त्यातूनच अधिक कळत होते. कार्यालयात मात्र सर्वांचे मत एकच होते: लाइन कमी पडते आहे, ती वाढवून घ्या. आमच्याकडे सेकंदाला २० मेगाबिटची लीज लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेली स्वतंत्र इंटरनेट लाइन होती आणि ती दुप्पट करण्याचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे ठेवण्याची तयारीही झाली होती. मी आधी हिशोब मांडायचे ठरवले. आमचे फोन जी-७११ या पद्धतीने आवाज पाठवतात. ही पद्धत १९७२ पासूनची आहे आणि तिच्यात आवाजावर सेकंदाला ६४ किलोबिट खर्च होतात. प्रत्येक २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे १६० बाइटांचे एक पॅकेट बनते आणि त्यावर पत्ता वगैरे सांगणारे आणखी ४० बाइट चढतात. अशी सेकंदाला ५० पॅकेटे, म्हणजे एका दिशेला ८० किलोबिट. शाखांशी असलेला संपर्क व्हीपीएनमधून, म्हणजे कूटबद्ध होऊन जात असल्यामुळे प्रत्येक पॅकेटवर आणखी एक वेष्टन चढते आणि हा आकडा १०० किलोबिटांच्या थोडा पुढे जातो. गर्दीच्या वेळी दहा-बारा जण शाखांशी बोलत असले, तरी त्या सर्वांचे मिळून सव्वा मेगाबिटच्या आसपासच होतात. वीस मेगाबिटच्या लाइनमध्ये सव्वा मेगाबिटला जागा मिळत नसेल, तर चाळीसमध्ये ती मिळेलच असे कशावरून म्हणायचे? क्लाउडवर जाणारी बॅकअप आणि कॅमेऱ्यांचे चित्रीकरण ही कामे मिळेल तेवढी लाइन भरून टाकणारी असतात. लाइन वाढवली की ती लवकर संपतील एवढेच, पण चालू असेपर्यंत लाइन तुडुंब भरलेलीच राहील.

कोणीतरी जी-७२९ ही कमी जागा घेणारी पद्धत वापरण्याचेही सुचवले. तिने, व्हीपीएनचे वेष्टन न धरता, ८० ऐवजी २४ किलोबिट लागतात हे खरे, पण आमच्या अडचणीत जागा हा मुद्दाच नव्हता. शिवाय आवाज इतका दाबून पाठवला की एखादे पॅकेट हरवल्याचा परिणाम कानाला अधिक जाणवतो. तो पर्याय मी तिथेच बाजूला ठेवला.

मोजणीला सुरुवात केली ती अगदी साध्या पिंगने, म्हणजे एक छोटे पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहून. सकाळी लाइन मोकळी असताना गडहिंग्लजच्या राउटरकडून उत्तर पंधरा-सोळा मिलिसेकंदांत येत होते. दुपारी बॅकअप सुरू झाली की तेच अनेकदा ४०० च्या वर जाई आणि स्थिरही नसे, कधी १८०, कधी ४५०. पॅकेटे मात्र फारशी हरवत नव्हती. सेवा देणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाने याच आधारावर "लाइन चांगली आहे" असा निर्वाळा दिला आणि त्याच्या दृष्टीने तो चुकीचाही नव्हता. पण फोनच्या दृष्टीने उशिरा आलेले पॅकेट हे न आलेल्यासारखेच असते. फोनमध्ये येणारी पॅकेटे थोडा वेळ धरून ठेवून ती समान अंतराने वाजवण्याची सोय असते. ज्याची पाळी निघून गेली आहे असे पॅकेट आले तर फोन ते टाकून देतो. शब्द तुटत होते ते यामुळे. फोनमधील ही धरून ठेवण्याची मुदत वाढवता येते, पण तेवढाच बोलण्यात विलंब वाढतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी-११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि ४०० च्या पलीकडे तो जाऊच नये. विलंब वाढला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, आणि संभाषणाचा ताल बिघडतो.

हे चारशे मिलिसेकंद कुठून आले, याचे उत्तर कंपनीने बसवलेल्या उपकरणात होते. अशा उपकरणांत बाहेर जाणाऱ्या पॅकेटांसाठी एक मोठी रांग ठेवलेली असते, जेणेकरून गर्दीतही काही हरवू नये. ही रांग एक मेगाबाइटची धरली, तर ती ८० लाख बिटांची होते आणि २० मेगाबिटच्या वेगाने रिकामी व्हायला तिला ४०० मिलिसेकंद लागतात. बॅकअपचा प्रवाह ती रांग सतत भरलेली ठेवतो आणि आवाजाचे दोनशे-अडीचशे बाइटांचे पॅकेट निमूटपणे तिच्या शेपटाला जाऊन उभे राहते. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याला बफरब्लोट असे नाव दिले आणि तेव्हापासून त्यावर पुष्कळ काम झाले आहे.

यातून पुढच्या सगळ्या कामाची दिशा ठरली. प्राधान्य लावल्याने लाइनमध्ये एका बिटाचीही भर पडत नाही. कोणी थांबायचे एवढेच ठरते. आणि तो निर्णय जिथे रांग प्रत्यक्षात लागते तिथेच घेता येतो. आमची रांग कंपनीच्या उपकरणात लागत होती आणि त्यावर आमचा कोणताही हक्क नव्हता. खंबाटकी घाटात कोंडी झालेली असताना गावच्या वेशीवर रुग्णवाहिकेला पुढे सोडून काय उपयोग! म्हणून रांग आधी आपल्या ताब्यातील फायरवॉलवर, म्हणजे कार्यालयाचे जाळे इंटरनेटला जोडणाऱ्या संरक्षक उपकरणावर आणायची आणि मग तिच्यात आवाजाला पुढे घ्यायचे, असा क्रम ठरला. बाजारात "फोनसाठी क्यूओएस" (पॅकेटांना प्राधान्य देण्याची सोय) म्हणून उपकरणाच्या पानावर एक खूण करायची सोय मिळते आणि बहुतेक जण तेवढ्यावर थांबतात. या क्रमाशिवाय त्या खुणेचा लाइनवर परिणाम होत नाही, असे माझे मत आहे.

तरीही काम फोनपासूनच सुरू करावे लागले, कारण फायरवॉलला आवाज कोणता आणि बाकीचे काय हे ओळखता आले पाहिजे. व्हीपीएनमध्ये कूटबद्ध झालेल्या पॅकेटाच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. पण आयपी पॅकेटाच्या शीर्षकात एक बाइट प्राधान्याच्या खुणेसाठी असतो. १९९८ मध्ये ठरलेल्या रचनेनुसार त्याच्या वरच्या सहा बिटांना डीएससीपी म्हणतात. आवाजासाठी तिथे ४६ हा आकडा घालण्याची रूढी आहे. आमच्या फायरवॉलवर लिनक्स असून व्हीपीएनसाठी स्ट्राँगस्वान वापरले आहे. त्यात पॅकेट कूटबद्ध होताना आतली खूण बाहेरच्या वेष्टनावर आपोआप उतरवली जाते, त्यामुळे वेष्टन न उघडताही आवाज ओळखता येतो. ही खूण दोन ठिकाणांहून लागायला हवी होती: फोनसंचांतून आणि एक्स्चेंजच्या सर्व्हरवरून. आमचे एक्स्चेंज अ‍ॅस्टरिस्कवर चालते आणि काही संभाषणांचा आवाज त्याच्यामार्फतच जातो. त्याच्या मांडणीत आवाजासाठी आणि संकेतांसाठी खुणा वेगवेगळ्या लिहिता येतात. घंटी वाजवणे, फोन उचलल्याचे कळवणे या संकेतांसाठी कोणी २४ वापरतात, कोणी ४०. आम्ही २४ ठेवला आणि सगळीकडे तोच राहील याची काळजी घेतली. कोणता आकडा निवडला यापेक्षा तो सर्वत्र एकच असणे महत्त्वाचे आहे. आमच्याकडे दोन निरनिराळ्या बनावटींचे फोन आहेत आणि त्यांच्यात एक बारीक फरक आढळला: एकाच्या पानावर ४६ लिहावे लागते, तर दुसरा पूर्ण बाइटाची किंमत मागतो, म्हणजे ४६ गुणिले चार, १८४. दुसऱ्या प्रकारात ४६ लिहिले तर कोणताही इशारा मिळत नाही. खूण चुकीची लागते आणि फोन चालूच राहतो.

खुणा लावल्यावर मी फायरवॉलवर पॅकेटे पकडून पाहिली. शीर्षकात १८४ दिसायला हवे होते, दिसले शून्य. फोनच्या तोंडाशी पाहिले तर १८४ बरोबर होते, म्हणजे फोन आणि फायरवॉल यांना जोडणाऱ्या मधल्या स्विचवर कुठेतरी खूण पुसली जात होती. कारण नंतर माहितीपुस्तिकेत सापडले. त्या स्विचवर प्राधान्याची सोय बंद असते तेव्हा तो खुणांना हात लावत नाही, पण ती सुरू केली की सर्व पोर्ट अविश्वसनीय मानून प्रत्येक पॅकेटावरील खूण शून्य करतो आणि कोणत्या पोर्टवर विश्वास ठेवायचा ते आपण सांगेपर्यंत तसेच करत राहतो. रचना म्हणून हे योग्यच आहे. कोणाही संगणकाने आपल्या पॅकेटांवर ४६ लिहून पुढे घुसू नये, यासाठी विश्वासाची सीमा कुठेतरी आखावीच लागते. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक टेबलावर भिंतीतील तार आधी फोनमध्ये जाते आणि फोनमागच्या दुसऱ्या पोर्टातून संगणकाला जोडलेली असते, त्यामुळे एकाच पोर्टातून दोघांची पॅकेटे येतात. म्हणून फोनसाठी स्वतंत्र व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवरचे वेगळे आभासी जाळे केले. एलएलडीपी-मेड या पद्धतीने स्विच स्वतःच फोनला त्याचा व्हीलॅन क्रमांक आणि खूण कळवतो, त्यामुळे प्रत्येक फोनवर जाऊन बटणे दाबावी लागत नाहीत. त्या व्हीलॅनमधून आलेल्या खुणेवर विश्वास ठेवायचा आणि संगणकांच्या व्हीलॅनमधली पुसायची, असा नियम घातला. इमारतीच्या आत गिगाबिटचे जाळे असल्यामुळे तिथे रांग क्वचितच लागते. स्विचवरील कामाचा खरा उपयोग खूण फायरवॉलपर्यंत शाबूत पोहोचवणे हाच होता.

आता मुख्य काम. फायरवॉलच्या बाहेरच्या पोर्टवर वेगाची मर्यादा घालायची, जी लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी असेल, म्हणजे कंपनीच्या उपकरणातील रांग कायम रिकामी राहील आणि जी काही रांग लागेल ती आपल्याकडे लागेल. मर्यादा किती कमी ठेवायची याचे ठरीव सूत्र नाही. मी लाइनवर मुद्दाम मोठी फाइल चढवत ठेवून शेजारी पिंग चालू ठेवला आणि मर्यादा १७ मेगाबिटपासून हळूहळू वर नेली. साडेअठरापर्यंत पिंग वीस मिलिसेकंदांच्या आसपास राहिला. एकोणीसच्या पुढे तो डोके वर काढू लागला. कागदावरचे २० मेगाबिट तारेवरच्या वेष्टनांसकट मोजलेले असतात, त्यामुळे असा फरक पडतो. साडेअठरा कायम केले. दीड मेगाबिट वाया गेले, असा आक्षेप लेखा विभागाकडून आलाच. त्याला माझे उत्तर असे, की सगळी लाइन वापरायची असेल तर रांगेचा ताबा दुसऱ्याकडे द्यावा लागतो.

या मर्यादेखाली एचटीबी या, लाइनचा वेग वाटून देणाऱ्या पद्धतीने पॅकेटांचे वर्ग पाडले. वर्ग पाडणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. कोणाला कुठे बसवायचे हे ठरवताना मात्र बैठकच घ्यावी लागली. आपले काम सर्वांत तातडीचे असे प्रत्येकालाच वाटते आणि त्याच्या जागेवरून ते खरेही असते. लेखा विभागाला बँकिंग प्रणाली पहिल्या वर्गात हवी होती, कर्ज विभागाला कागदपत्रांचे स्कॅन आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना दृक्‌श्राव्य बैठका. मी निकष एकच मांडला: एखादे काम अर्धा सेकंद थांबले तर ते बिघडते की केवळ उशिरा होते? त्या निकषावर आवाज पहिल्या वर्गात गेला, त्याला दोन मेगाबिट राखून ठेवले आणि तेवढीच कमाल मर्यादाही घातली. ही कमाल मर्यादा बऱ्याच ठिकाणी घातलेली नसते. पहिल्या वर्गाला मोकळे रान दिले आणि उद्या चुकीची खूण लागलेला एखादा प्रवाह त्यात शिरला, तर बाकी सर्व कामे उपाशी राहतील. फोनच्या संकेतांना लहानसा स्वतंत्र वर्ग दिला. ते थोडे असतात, पण ते अडले तर फोन लागतच नाही. बँकिंग प्रणाली त्यानंतर, बैठका त्यानंतर, मग सर्वसाधारण कामे आणि अगदी तळाला बॅकअप आणि कॅमेरे. तळाच्या वर्गाला किमान वाटा दीड मेगाबिटचा, पण लाइन मोकळी असेल तेव्हा सगळी लाइन वापरण्याची मुभा. कॅमेऱ्यांना तळाला बसवल्यामुळे सुरक्षेची जबाबदारी असलेले गृहस्थ नाराज झाले. चित्रीकरण आधी इथल्याच डिस्कवर साठते आणि नंतर क्लाउडवर जाते, हे प्रत्यक्ष दाखवल्यावर त्यांचे समाधान झाले. दोन अधिकारी संगणकावरच सॉफ्टफोन, म्हणजे फोनचे काम करणारा प्रोग्रॅम वापरतात, त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. त्यांच्या पॅकेटांना विंडोजच्या धोरणातून, त्या प्रोग्रॅमच्या नावावरून खूण लावली आणि तेवढ्या दोन पोर्टांपुरता अपवाद केला.

आवाज त्या दिवसापासून सुधारला, पण लगेच दुसरी तक्रार सुरू झाली आणि तिने मला आवाजापेक्षा अधिक गुंतवले. इचलकरंजी ही आमची मोठी शाखा. तिथे मुख्य कार्यालयातून जाणाऱ्या फाइली पूर्वीपेक्षा फारच रखडू लागल्या, आणि त्याही फोनवर बोलणे चालू असतानाच. रांगेत मागे राहिल्यामुळे थोडे मंद होणे समजण्यासारखे होते, पण हे त्या मानाने खूपच जास्त होते. शाखेच्या राउटरवरील आकडे पाहिले तेव्हा उलगडा झाला: व्हीपीएनची काही पॅकेटे "पुन्हा पाठवलेली" समजून फेकली जात होती. व्हीपीएनमध्ये प्रत्येक पॅकेटाला कूटबद्ध करतानाच अनुक्रमांक मिळतो. एखाद्याने जुने पॅकेट पकडून पुन्हा पाठवण्याचा खोडसाळपणा करू नये, म्हणून स्वीकारणारी बाजू शेवटच्या काही क्रमांकांचीच खिडकी उघडी ठेवते; स्ट्राँगस्वानमध्ये ती मुळात ३२ पॅकेटांची असते. आमच्याकडे पॅकेटांना क्रमांक आधी मिळत होते आणि प्राधान्याची रांग त्यानंतर लागत होती. इचलकरंजीशी एका वेळी पाच-सहा जण बोलत असले, की आवाजाची सेकंदाला तीनशेच्या आसपास पॅकेटे फाइलींच्या पॅकेटांना ओलांडून पुढे जात. त्या वेगाने ३२ ची खिडकी शंभर-सव्वाशे मिलिसेकंदांत पुढे सरकते. तेवढा वेळ रांगेत थांबलेले फाइलीचे पॅकेट शाखेत पोहोचेपर्यंत शिळे ठरून फेकले जाई आणि मग पुन्हा पाठवावे लागे. प्राधान्य जितके चोख, तितकी ही फेकाफेक अधिक.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे आवाजासाठी आणि इतर कामांसाठी व्हीपीएनच्या वेगवेगळ्या वाटा करायच्या, म्हणजे दोघांचे अनुक्रमांक एकमेकांत मिसळत नाहीत. रचनेच्या दृष्टीने हा अधिक शुद्ध उपाय आहे. दुसरा, खिडकी मोठी करायची. शाखा बऱ्याच आणि प्रत्येकीत वाटा दुप्पट करायच्या म्हणजे देखभालीचा बोजाही दुप्पट, म्हणून मी दुसरा उपाय निवडला आणि खिडकी १०२४ केली. संरक्षण त्यामुळे नाहीसे होत नाही. राउटरला लक्षात ठेवावे लागणारे क्रमांक तेवढे वाढतात. त्याच वेळी खालच्या वर्गांमधील साध्या रांगा काढून तिथे एफक्यू-कोडेल बसवले. ही पद्धत प्रत्येक प्रवाहाला वेगळी पाळी देते आणि पॅकेट किती वेळ थांबले ते पाहते. पाच मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबणे काही काळ चालूच राहिले, तर ती एखादे पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला सावध करते. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या कोडेल या कल्पनेवर ती उभी आहे. तिच्यामुळे बँकिंग प्रणालीचे पडदेही झटपट उघडू लागले, आणि ज्यांना फोनशी काही देणेघेणे नव्हते अशा कर्मचाऱ्यांनीही त्याची दखल घेतली.

येणाऱ्या दिशेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे आपल्या हातात फारसे काही नसते. पॅकेट आपल्या दारात येईपर्यंत ते कंपनीच्या रांगेतून आलेले असते आणि खुल्या इंटरनेटवर आपल्या ४६ या खुणेला कोणी मान देईलच असे नाही. वाटेत ती पुसलीही जाते. येणाऱ्या प्रवाहालाही अठरा मेगाबिटची मर्यादा घालून ठेवली आहे, म्हणजे मोठे डाउनलोड चालू असले तर पाठवणारी बाजू स्वतःच हात आखडता घेते. शाखांच्या बाजूला मुख्य कार्यालयासारखीच रचना, पण लहान आवृत्तीत बसवली: आवाज, बँकिंग आणि उरलेले सर्व, असे तीनच वर्ग. शाखेतील माणसांना तिकडे पाहण्याची गरज पडू नये, असाच हेतू होता.

परिणाम तपासण्यासाठी कानावर विसंबलो नाही. अ‍ॅस्टरिस्क प्रत्येक चालू संभाषणातील हरवलेली पॅकेटे आणि त्यांच्या येण्यातील चढउतार दाखवते. दुपारी साडेचारला, बॅकअप पूर्ण जोरात असताना, हा चढउतार आता पाच-सात मिलिसेकंदांच्या आत असतो आणि शाखांच्या राउटरकडून पिंगचे उत्तर पंचविसाच्या पुढे सहसा जात नाही. बॅकअप संपायला पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, पण ती घाई कोणालाच नसते. लाइन दुप्पट करण्याचा प्रस्ताव मागे घेतला गेला.

एकच शाखा या रचनेबाहेर राहिली आहे. आजऱ्याजवळच्या त्या गावात अजून फायबर पोहोचलेले नाही आणि तिथला राउटर मोबाइलच्या सिमवर चालतो. त्या लाइनचा वेग सकाळी आठ मेगाबिट, तर बाजाराच्या दिवशी दुपारी दीड असतो, त्यामुळे "खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी" अशी कोणतीही एक मर्यादा तिथे घालता येत नाही. दीडची घातली तर उरलेला दिवस वाया जातो आणि आठची घातली तर रांग पुन्हा मोबाइल कंपनीच्या ताब्यात जाते. विलंबाकडे पाहून मर्यादा आपोआप वरखाली करणारे छोटे प्रोग्रॅम (स्क्रिप्ट) आता उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी एक मी कार्यालयातील जुन्या राउटरवर चालवून पाहतो आहे. तोवर त्या शाखेतला आयपी फोन केवळ घंटी वाजल्याचे कळण्यापुरता वापरला जातो. घंटी वाजली की शाखाधिकारी फोन न उचलता स्वतःच्या मोबाइलवरून आम्हाला फोन लावतात.